शिशाची विषबाधा झालेली दोन मुलं आणि रक्तातून लवकर न उतरणारं औषध

१९७५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अल्व्हारिस, कापेलनर, सासा आणि कापास या चौघांनी एक दिसायला साधं काम छापलं. अँटिपायरिन आणि फिनाइलब्यूटाझोन या दोन जुन्या औषधांचा वापर करून त्यांनी पाहिलं की ही औषधं लहान मुलांच्या रक्तातून किती वेगाने उतरतात आणि मोठ्या माणसांच्या रक्तातून किती वेगाने. मुलं १ ते ८ वर्षांची. काही निरोगी होती, आणि काहींच्या अंगात शिसं गेलेलं होतं. शिसंवाल्या मुलांपैकी आठ जणांना बाहेरून काही लक्षणं नव्हती, फक्त रक्ताच्या तपासणीत शिशाच्या खुणा सापडत होत्या. दोन मुलं मात्र खरंच आजारी होती, लक्षणंही होती आणि तपासण्याही तेच सांगत होत्या, म्हंजे ज्याला अक्यूट प्लंबिझम, शिशाची तीव्र विषबाधा, म्हणतात ते.

ही जी दोन मुलं आहेत ना, त्यांच्यावरच मला लिहायचंय. शिशाची विषबाधा म्हटलं की आपण मेंदू बघतो, हिमोग्लोबिन बघतो, पोटदुखी आणि किडनी बघतो, आणि ते बरोबरच आहे, पण त्याच माणसाला आपण त्याच आठवड्यात चार औषधं देत असतो आणि ती औषधं अंगातून बाहेर काढायचं काम ज्या एन्झाइमांचं, ती एन्झाइमं बनवायच्या कच्च्या मालावरच शिसं बसलेलं असतं, हे चटकन लक्षात येत नाही. मला स्वतःला ते पुस्तक वाचून कधी नीट उमगलं नव्हतं, या दोन मुलांमुळे उमगलं.

टेस्ट काय होती

अँटिपायरिन हे लुडविग क्नोरने १८८३ मधे बनवलेलं तापावरचं औषध. तापासाठी आता ते कोणी देत नाही पण लिव्हरचा वेग मोजायला ते फार सोयीचं, कारण गिळलं की जवळपास सगळंच्या सगळं शोषलं जातं, रक्तातल्या प्रथिनांना फारसं चिकटत नाही, अंगातल्या सगळ्या पाण्यात पसरतं, आणि किडनीतून जसंच्या तसं अगदी थोडं जातं. अजून एक गोष्ट, लिव्हरमधून रक्त एकदा फिरून गेलं तर त्यातलं थोडंसंच अँटिपायरिन काढलं जातं, त्यामुळे लिव्हरला रक्त कमी गेलं का जास्त याने आकडा फारसा हलत नाही. राहतं काय, तर फक्त एन्झाइमांचा वेग. म्हणून हे औषध रक्तातून कसं उतरतं हे पाहणं म्हंजे एका अर्थी लिव्हरच्या सायटोक्रोम पी-४५० या औषधं पचवणाऱ्या एन्झाइमांच्या नाडीवर बोट ठेवणं.

करायचं असं की एक डोस द्यायचा, मग काही काही तासांनी रक्ताचे थोडे नमुने घ्यायचे, प्रत्येकात औषध किती उरलंय ते मोजायचं आणि लॉग कागदावर ठिपके मांडायचे. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत खाली येतात. त्या रेषेच्या उतारावरून हाफ-लाइफ निघतं, म्हंजे औषध निम्मं व्हायला किती वेळ लागतो ते. रेघ खडी असेल तर लिव्हर जोरात चाललंय, रेघ आडवी पडायला लागली की ते मंदावलंय.

निरोगी मुलांमधे अँटिपायरिनचं सरासरी हाफ-लाइफ निघालं ६.६ तासांच्या आसपास आणि मोठ्यांमधे १३.६ तास. फिनाइलब्यूटाझोनचं मुलांमधे साधारण १.७ दिवस, मोठ्यांमधे ३.२ दिवस. दोन्ही औषधांत एकच कथा, की या वयातल्या मुलांचं लिव्हर मोठ्यांच्या जवळपास दुप्पट वेगाने औषध निकालात काढतं. मुलांना किलोमागे डोस जास्त का लागतो याचं एक कारण इथेच आहे. या आकड्यांचा अर्थ जरा हाताने करून बघा. हाफ-लाइफ ६.६ तास असेल तर २४ तासांनी मूळच्या साधारण ८ टक्के औषध उरतं. तेच हाफ-लाइफ दुप्पट झालं तर २८ टक्के उरतं. म्हंजे दुसऱ्या दिवशीचा डोस जेव्हा जातो तेव्हा एका मुलाचं भांडं जवळपास रिकामं आहे आणि दुसऱ्याचं पाव भांडं अजून भरलेलंच आहे, आणि डोस मात्र दोघांना सारखाच लिहिलेला आहे.

आता शिसंवाली मुलं. लक्षणं नसलेल्या आठ जणांचा वेग निरोगी मुलांसारखाच निघाला. त्या दोन आजारी मुलांमधे मात्र अँटिपायरिन रक्तात बराच जास्त वेळ टिकून राहिलं, निरोगी मुलांपेक्षा ठळकपणे जास्त. मग त्यांना ईडीटीए दिलं, म्हंजे शिसं पकडून लघवीवाटे बाहेर नेणारं चिलेशनचं औषध. रक्तातल्या शिशाच्या खुणा सुधारल्या, आणि परत टेस्ट केली तेव्हा अँटिपायरिनचा वेगही नॉर्मलकडे परतलेला होता.

दोनच मुलं आहेत, हे मला मान्य आहे. पण इथे तुलना एका मुलाची दुसऱ्याशी नाहीये, प्रत्येक मुलाची स्वतःशीच आहे, आधी आणि नंतर, आणि दोघांचीही दिशा एकच. एक शंका मात्र प्रामाणिकपणे घ्यायलाच हवी. आजारी मूल हे नुसतं शिसं असलेलं मूल नसतं, त्याचं खाणं बिघडलेलं असतं, अंगात दाह असेल तर इंटरल्यूकिन-६ सारखे पदार्थ स्वतःच पी-४५० एन्झाइमं दाबतात. म्हंजे आजार गेला म्हणून वेग वाढला की शिसं गेलं म्हणून, हे दोन मुलांवरून शंभर टक्के सुटं करता येत नाही. तरी माझं मत शिशाच्याच बाजूने पडतं, एक तर १९७७ मधे ग्लासगोच्या मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी कामावर शिशाची बाधा झालेल्या मोठ्या माणसांमधे हेच औषध वापरून चिलेशननंतर वेग सुधारताना दाखवला, आणि दुसरं म्हंजे यामागची यंत्रणा इतकी सरळ आहे की असं झालं नसतं तरच नवल.

शिसं नेमकं बसतं कुठे

पी-४५० हे एन्झाइम म्हंजे एक प्रथिन आणि त्याच्या पोटात बसवलेलं हीम. तेच हीम जे हिमोग्लोबिनमधे असतं. हीमच्या मधोमध लोह, आणि औषधावर ऑक्सिजन चढवायचं सगळं काम त्या लोहावर होतं. हीम नसेल तर प्रथिन तयार असूनही उपयोग नाही, नुसता सांगाडा.

हीम बनवायच्या आठ पायऱ्या आहेत. पहिली पायरी एएलए सिंथेस, जे एएलए नावाचा हीमचा सुरुवातीचा छोटा रेणू बनवतं, ती मायटोकाँड्रियात. मग दोन एएलए जोडून पुढचा रेणू करणारं एन्झाइम, एएलए डिहायड्रेटेस, हे पेशीच्या द्रवात. आणि अगदी शेवटी परत मायटोकाँड्रियात फेरोकेलाटेस, जे तयार झालेल्या पॉर्फिरिनच्या कड्यात लोह बसवतं. शिसं यातल्या दोन ठिकाणी मारतं. डिहायड्रेटेसच्या काम करायच्या जागी जस्त असतं, गंधकवाल्या सिस्टीनांनी धरून ठेवलेलं, शिसं त्या जस्ताला हुसकावून स्वतः बसतं आणि एन्झाइम थंड पडतं. शेवटच्या पायरीवर लोह बसायचं अडतं आणि लाल पेशींमधे त्या कड्यात लोहाऐवजी जस्त शिरतं, त्यालाच आपण झिंक प्रोटोपॉर्फिरिन म्हणून रक्तात मोजतो.

आपण हे सगळं शिकतो ते ॲनिमियाच्या धड्यात. हीमचा सगळ्यात मोठा हिस्सा अस्थिमज्जेत बनतो म्हणून ते साहजिक आहे. पण दुसऱ्या नंबरचा कारखाना लिव्हर आहे, आणि तिथल्या हीमचा मोठा भाग पी-४५० साठी जातो. शिवाय ही एन्झाइमं फार दिवस टिकत नाहीत, एक-दोन-तीन दिवसांत जुनी मोडतात नवी बनतात, त्यामुळे लिव्हरला हीम रोजच्या रोज ताजं लागतं. लाल पेशी १२० दिवस जगते. या दोन वेगांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. हीमचा पुरवठा तुटला तर लिव्हरला ते काही दिवसांत जाणवणार, रक्तात मात्र त्याची खूण हळूहळू साठत जाणार कारण ती फक्त नव्या पेशींत उमटते. आणि उलटही खरं, चिलेशननंतर लिव्हर लवकर सावरेल आणि झिंक प्रोटोपॉर्फिरिन मात्र जुन्या पेशी संपेपर्यंत चढलेलंच दिसेल. म्हंजे त्या आकड्याकडे बघून आज लिव्हर कसं चाललंय हे सांगायला गेलं तर दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते.

आणि लिव्हर फंक्शन टेस्टमधले एसजीपीटी, एसजीओटी? ही दोन एन्झाइमं रक्तात चढतात ती पेशी फुटल्यावर किंवा गळायला लागल्यावर. शिसं तर इथे पेशी फोडत नाहीये, कच्चा माल अडवतंय. कारखान्याची भिंत शाबूत, दिवे चालू, फक्त माल निघत नाही. त्यामुळे लिव्हर फंक्शन टेस्ट नॉर्मल आली म्हणून औषधाचा निचरा नॉर्मल आहे असं मानणं बरोबर नाही, ती टेस्ट तो प्रश्न विचारतच नाही. नावात फंक्शन आहे त्यामुळे गैरसमज होतो, एवढंच.

मग ती आठ मुलं नॉर्मल कशी

यावर मी बराच विचार केलाय, कारण रक्तातलं डिहायड्रेटेस तर शिशाची पातळी फार वाढायच्या आधीच मंदावायला लागतं, अगदी १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपाससुद्धा. मग लिव्हरला काहीच का झालं नाही?

पहिलं उत्तर असं की डिहायड्रेटेस ही मुळात ढिली पायरी आहे, गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता असलेली. खरा नळ पहिल्या पायरीवर आहे, एएलए सिंथेसवर, आणि त्या नळावर हीमचाच ब्रेक असतो. हीम कमी झालं की ब्रेक सुटतो, सिंथेस वाढतं, एएलएचा पूर येतो आणि अर्ध्या ताकदीच्या डिहायड्रेटेसमधूनही पुरेसा माल पुढे ढकलला जातो. याची किंमत म्हंजे अंगात एएलए वाढतं, लघवीत सापडतं. पण पी-४५० चं भागतं. शिसं अजून वाढलं, शेवटची पायरीही अडली, की मग मात्र हा जुगाड पुरत नाही. त्या दोन मुलांमधे बहुतेक हेच झालं असणार.

दुसरं उत्तर टेस्टबद्दलचं आहे. अँटिपायरिन एकाच एन्झाइमने पचत नाही, पी-४५० कुटुंबातली सीवायपी१ए२, २सी९, ३ए४ आणि अजून काही मिळून त्याला तीन वेगवेगळ्या रूपांत बदलतात. सहा लेनच्या रस्त्यावर एक लेन बंद पडली तर एकूण वाहतूक थोडीशीच मंदावते आणि ती मुलामुलांमधल्या नेहमीच्या फरकात बुडून जाते. म्हणून आठ मुलं नॉर्मल याचा अर्थ माझ्या मते इतकाच, की सगळ्या लेन मिळून नॉर्मल. एकेक लेन नॉर्मल होती असं त्यातून निघत नाही.

याला आधार १९८४ मधे मिळाला. सेंगर, मार्कोविट्झ आणि रोझेन यांनी शिसं वाढलेल्या मुलांमधे कुठलंही परीक्षेचं औषध न देता, शरीरातलंच कॉर्टिसॉल हे हार्मोन घेतलं. कॉर्टिसॉलचा थोडा भाग लिव्हरमधे ६-बीटा-हायड्रॉक्सीकॉर्टिसॉल होऊन लघवीत जातो आणि ते काम जवळपास एकट्या ३ए कुटुंबातल्या एन्झाइमांचं. ईडीटीए देऊन अंगातला शिशाचा साठा जास्त असल्याचं ज्या मुलांमधे दिसलं, त्यांच्या लघवीत हा पदार्थ बराच कमी निघाला. ही मुलं त्या दोन मुलांसारखी गंभीर आजारी नव्हती. म्हंजे एकाच लेनवर कॅमेरा लावला तेव्हा कमी आजारातही अडथळा दिसला. आणि ३ए४ ही काय साधी लेन नाही, आपण वापरतो त्या औषधांपैकी फार मोठा हिस्सा याच एन्झाइमकडून जातो.

आणखी एक संदर्भ. १९७५ मधेच अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मुलांच्या रक्तातल्या शिशाची काळजीची पातळी ४० वरून ३० मायक्रोग्रॅमवर आणली होती. मग १९८५ मधे २५, १९९१ मधे १०, २०१२ मधे ५ आणि २०२१ मधे ३.५. त्यामुळे त्या काळच्या कागदांवर लक्षणं नसलेलं मूल असं वाचताना आजच्या नजरेने ते मूल स्वच्छ होतं असं धरू नका.

खाटेजवळ याचा अर्थ काय

अक्यूट प्लंबिझममधे सगळ्यात भीतीची गोष्ट म्हंजे मेंदूची सूज, आणि तिच्यासोबत झटके. म्हंजे ज्या मुलाचं लिव्हर शिशाने मंदावलंय त्याच मुलाला झटक्यांची औषधं द्यावी लागतात, आणि तीच औषधं मंदावलेल्या लिव्हरवर अवलंबून असतात. हा योगायोग नाहीये, एकाच विषाची दोन टोकं आहेत.

फेनिटोइन घेऊ. हे औषध २सी९ आणि थोडं २सी१९ कडून जातं आणि त्याची एक खोड सगळ्यांना माहीत आहे, नेहमीच्या डोसलाच एन्झाइम भरत येतं. त्यामुळे वेग थोडा कमी झाला तरी पातळी थोडी नाही वाढत, उसळते. नुसतं समजण्यासाठी मोठ्या माणसाचे पुस्तकी आकडे घेऊन हिशोब करतो. समजा लिव्हरची जास्तीत जास्त क्षमता दिवसाला किलोमागे ७ मिलिग्रॅम, केएम (ज्या पातळीला एन्झाइम अर्ध्या वेगाने चालतं ती) ४ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम. स्थिर पातळी म्हंजे केएम गुणिले डोस, भागिले क्षमता वजा डोस. ४ गुणिले ५ म्हंजे २०, खाली ७ वजा ५ म्हंजे २, उत्तर १० मिलिग्रॅम प्रति लिटर. उपचाराची रेंज १० ते २०, छान बसलं. आता शिशामुळे क्षमता फक्त २० टक्के कमी झाली असं धरा, ७ ची ५.६ झाली. वर तेच २०, खाली ५.६ वजा ५ म्हंजे ०.६, उत्तर ३३. डोस तोच, माणूस तोच, आणि पातळी विषारी. तोल जाणं, डोळे थरथरणं, गुंगी येणं. आणि शिशाने सुजलेल्या मेंदूतही गुंगी येते, तोल जातो. म्हंजे समोर दिसणारी गुंगी विषाची का औषधाची हे नुसतं बघून कळणार नाही, फेनिटोइनची पातळीच मोजावी लागेल. या एका कारणासाठी तरी मला वाटतं की शिशाच्या रुग्णात अशा औषधांची पातळी सुरुवातीलाच आणि परत परत बघितली पाहिजे.

फेनोबार्बिटल या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधात (हे एक बार्बिट्युरेट) गुंता वेगळा आहे. ते पी-४५० वाढवायला लिव्हरला सांगतं, म्हंजे हीमची मागणी वाढवतं, नेमकी तेव्हा जेव्हा हीम बनत नाहीये. मागणी वाढली की एएलए सिंथेस अजून चढतं, एएलए अजून साठतं. अक्यूट पॉर्फिरियात, म्हंजे हीम बनवायच्या पायऱ्यांतच जन्मजात दोष असलेल्या आजारात, बार्बिट्युरेट टाळतात ते याच साखळीमुळे, आणि शिशाची पोटदुखी पॉर्फिरियाच्या पोटदुखीसारखी भासते तीही उगाच नाही. झटके थांबवणं हे अर्थातच आधी, तिथे वाद नाही, पण सोबत काय वाढतंय याची जाण असावी.

सगळी औषधं साठूनच त्रास देतात असंही नाही. काही औषधं अंगात गेल्यावर एन्झाइमकडूनच जागी होतात. कोडीनचं मॉर्फिन २डी६ करतं, क्लोपिडोग्रेलला २सी१९ जागं करतं. तिथे लिव्हर मंद म्हंजे औषध दिलं पण लागूच पडलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं डोस कमी पडला.

आणि आता चिलेशन, जिथे मला सगळ्यात जास्त चूक व्हायची भीती वाटते. त्या दोन मुलांचा वेग ईडीटीएनंतर परत वाढला, ही आनंदाची गोष्ट. पण तेव्हा समजा त्या मुलाला मंद लिव्हरच्या हिशोबाने कमी केलेल्या डोसवर ठेवलं असतं, तर वेग परत येताच तोच डोस कमी पडला असता आणि झटके परत आले असते. वर केलेला हिशोब उलटा चालवून बघा, ३३ वरून १० वर यायला लिव्हर थोडंसंच सुधारावं लागतं. त्यात भर म्हंजे शिसं एकदा काढलं म्हणून संपत नाही. मुलांच्या अंगातल्या शिशाचा साधारण ७० टक्के भाग हाडात असतो, मोठ्यांच्यात ९० टक्क्यांच्याही वर, आणि चिलेशनचा कोर्स थांबला की हाडातलं शिसं परत रक्तात उतरतं, पातळी परत चढते. म्हंजे एन्झाइमचा वेगही वर जाणार, परत खाली येणार, पुढच्या कोर्सला परत वर. या काळात एकदा ठरवलेला डोस बरोबर राहील अशी अपेक्षाच करू नये.

ईडीटीएबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो कारण जिवाशी खेळ आहे. शिशासाठी वापरायचं ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. नुसतं डायसोडियम ईडीटीए हे वेगळं औषध, ते रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हृदय बंद पडू शकतं. नावातल्या एका शब्दाच्या घोळाने अमेरिकेत चिलेशन करताना मृत्यू झालेले आहेत. शीशीवरचं पूर्ण नाव वाचा, दोनदा वाचा. शिवाय ईडीटीए शिशासोबत जस्तही ओढून नेतं, आणि डिहायड्रेटेसला जस्तच लागतं, तेही लक्षात असू द्या.

शिसं सोडून बाकीच्यांचं थोडक्यात

शिशाचं सूत्र बाकी धातूंना जसंच्या तसं लावू नका, प्रत्येकाची मारायची जागा वेगळी आहे. शिसं हीम बनू देत नाही, तर कोबाल्ट, कॅडमियम आणि आर्सेनाइट हे हीम ऑक्सिजनेस नावाचं एन्झाइम चढवतात, जे तयार हीम मोडून टाकतं, म्हंजे चोरी दुसऱ्या दारातून. माइन्स आणि कापास यांनी १९७७ मधे धातूंचं हेच चित्र मांडलं होतं, आणि कापास तेच, आपल्या दोन मुलांच्या पेपरमधले. पारा गंधकाचा भुकेला. पी-४५० मधे हीमचं लोह एका सिस्टीनच्या गंधकाला धरून असतं, पाऱ्याची संयुगं प्रयोगनळीत या एन्झाइमचं पी-४२० करून टाकतात, म्हंजे ती पकड सुटते आणि एन्झाइम निकामी होतं. मानवी लिव्हरच्या पेशींमधे आर्सेनाइटने ३ए४ कमी केल्याचं दिसलंय.

कॅडमियम तर फारच अवघड गडी. नर उंदरांना दिलं तर हेक्सोबार्बिटल या झोपेच्या औषधाची झोप लांबते, म्हंजे औषध पचेना, आणि मादी उंदरांत तसं होत नाही. थायलंडमधल्या धूम्रपान न करणाऱ्या लोकांवरचा २००४ चा सातारुग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मला फार बोलका वाटतो, तिथे रोजच्या साध्या संपर्कातल्या पुरुषांमधे २ए६ हे एकच एन्झाइम कॅडमियमसोबत वर आणि शिशासोबत खाली जाताना दिसलं. ज्याच्या अंगात दोन्ही आहेत त्याचा अंदाज कोणत्या दिशेने बांधायचा? आणि एकाच धातूतही सगळी एन्झाइमं एका दिशेला जात नाहीत, उंदरांमधे लेड नायट्रेटने १ए२ दबतं आणि त्याच लिव्हरमधे ग्लुटाथायोन ट्रान्सफरेस या विषारी पदार्थ निकामी करणाऱ्या एन्झाइमचं एक रूप उलट वाढतं. म्हणून धातू म्हंजे लिव्हर मंद असं एका वाक्यात बसवलेलं मला पटत नाही. पॅरासिटामॉलसारख्या औषधात तर हे दोन्ही टोकांनी लागू होतं. त्यातला विषारी तुकडा २ई१ बनवतं आणि त्याला ग्लुटाथायोन शांत करतं, आता धातूने पहिलं कमी केलं तर बरं, पण पारा किंवा आर्सेनिकने ग्लुटाथायोनच खाऊन टाकलं असेल तर वाईट, आणि दोन्ही एकदम झालं तर काट्याचा कल आधीच सांगता येत नाही.

परत त्या दोन मुलांकडे येतो. त्यांच्या बाबतीत अँटिपायरिन दोनदा मोजलं गेलं, शिसं असताना एकदा आणि काढल्यावर एकदा, म्हणून हे कळलं. आज अँटिपायरिन कोणाच्या हाताशी नसतं पण फेनिटोइनची पातळी असते, दम्यावरच्या थिओफिलिनची असते, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) असतो, आणि हे तिन्ही आकडे एन्झाइमचा वेग आपल्याला आपोआप सांगत असतात, फक्त ते शिशाच्या तारखांशेजारी मांडून कोणी बघत नाही. मी असा तक्ता करतो: एका ओळीत रक्तातलं शिसं, तिच्याखाली औषधाची पातळी, तिच्याखाली त्या दिवशीचा डोस, आणि चिलेशन सुरू झालं तो दिवस, थांबलं तो दिवस, आणि थांबल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, हाडातलं शिसं परत वर आलेलं असतं तेव्हाचा, अजून एक नमुना. हा शेवटचा नमुनाच बहुतेक वेळा राहून जातो.